साठ मिलिमीटरची पळवाट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरचसं ठेवलंय, फक्त अडखळलो ते काढून टाकलंय.

आजचा विषय फॉर्म्युला वन. पण कोण जिंकलं, कोण हरलं याची यादी वाचायची नाहीये. आज बोलायचंय नियमांबद्दल. आपल्याकडे एक शब्दप्रयोग आहे, ‘नियमावर बोट ठेवणे’. ऑफिसातला कारकून आपला अर्ज परत करतो तेव्हा तो नियमावर बोट ठेवतो. फॉर्म्युला वनमधले इंजिनिअरही हेच करतात, फक्त उलट्या बाजूने. ते नियमावर बोट ठेवतात आणि म्हणतात, ‘दाखवा, इथे कुठे लिहिलंय की हे चालत नाही?’

प्रश्न असा आहे. १९८१ साली एक नियम आला. त्या एका नियमातून दोन हुशार माणसांनी दोन पळवाटा काढल्या. एकाची गाडी त्या वर्षी जगज्जेती ठरली. दुसऱ्याची गाडी एकही शर्यत धावू शकली नाही. उद्देश दोघांचा अगदी एकच होता. मग एक कायदेशीर आणि दुसरी बेकायदेशीर कशी? हे समजून घ्यायला आधी थोडं मागे जावं लागेल.

पंख आले, पंख तुटले

विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच पंख उलटा करून गाडीवर बसवला, तर वाहती हवा गाडीला खाली दाबते. याला म्हणायचं डाउनफोर्स. गाडी रस्त्याला जितकी घट्ट चिकटेल, तितकी ती वळणावर जोरात जाईल. आणि गंमत म्हणजे गाडीचं वजन एका ग्रॅमनेही वाढत नाही.

१९६६ मध्ये अमेरिकेत जिम हॉल यांनी त्यांच्या चॅपरल गाडीवर उंच पंख लावला. तो पंख ड्रायव्हर पायाने हलवू शकत होता. वळणावर दाब हवा तेव्हा तिरका, सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा नको तेव्हा आडवा. १९६८ मध्ये ही कल्पना फॉर्म्युला वनमध्ये पोचली आणि काही महिन्यांत सगळ्यांच्या गाड्यांवर बारीक काठ्यांवर उभे केलेले उंच पंख दिसायला लागले.

बारीक काठ्या म्हटल्यावर पुढचं तुम्हाला कळलंच असेल. ४ मे १९६९, बार्सिलोनातला मॉन्टज्युइक ट्रॅक. लोटसच्या दोन्ही गाड्यांचे मागचे पंख एकाच शर्यतीत तुटले. ग्रॅहम हिल बचावले, योखेन रिंट जखमी झाले. पुढची शर्यत मोनॅकोची. तिथे सराव सुरू झाल्यावर मधेच फर्मान आलं, उंच पंख बंद. थोड्या दिवसांनी छोटे पंख परत आले, पण एक अट घालून: हवेवर परिणाम करणारा भाग गाडीला पक्का बांधलेला असला पाहिजे, तो हलता कामा नये.

हे वाक्य डोक्यात ठेवा. आजचा जवळजवळ सगळा भाग या एका वाक्याभोवती फिरतो. हा नियम जीव वाचवण्यासाठी आला होता, हेही विसरू नका.

गाडीच्या पोटाखालची हवा

आता तुम्ही म्हणाल, पंख तर पक्के बांधले, झालं की मग. पण इंजिनिअर लोकांचं लक्ष तोवर गाडीच्या वरून गाडीच्या खाली गेलं.

सांगली-कोल्हापूर रस्त्यावर टू-व्हीलर चालवणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव आहे. बाजूने एखादा मोठा ट्रक वेगात गेला की आपली गाडी किंचित त्याच्याकडे ओढली जाते. दोघांच्या मधल्या अरुंद जागेतून हवा जोरात पळते आणि जिथे हवा जोरात पळते तिथे तिचा दाब कमी होतो. पाण्याचंही तसंच. पुलाच्या दोन खांबांच्या मधून जाताना कृष्णेची धार वेग घेते आणि पुढे पात्र रुंद झालं की संथ होते.

आता हा पूल आडवा करून गाडीच्या पोटाखाली ठेवा. खालून जाणारी हवा आधी अरुंद जागेत शिरते, वेग घेते, तिचा दाब पडतो, आणि मग मागे जागा हळूहळू मोठी होत जाते तिथून बाहेर पडते. त्या मागच्या पसरट भागाला डिफ्युझर म्हणतात. वर दाब जास्त, खाली दाब कमी, म्हणून गाडी रस्त्याकडे खेचली जाते. हाच तो ग्राउंड इफेक्ट.

लोटसचे मालक कॉलिन चॅपमन आणि त्यांचे इंजिनिअर पीटर राइट यांच्या गटाने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये यावर काम केलं. मॉडेलच्या बाजूचे भाग चाचणीत खाली झुकले आणि दाबाचे आकडे अचानक वाढले, तेव्हा त्यांना कळलं की गाडीची कड जमिनीच्या जितकी जवळ, तितकी ओढ जास्त. बाजूने हवा आत शिरू नये म्हणून त्यांनी गाडीला जमिनीला टेकणारे ‘स्कर्ट’ लावले. अगदी घागऱ्याचा घेर जमिनीला टेकावा तसे. १९७८ मध्ये लोटस ७९ या गाडीने मारिओ अँड्रेटी जगज्जेते झाले.

पंखा कशासाठी आहे?

बाकीच्यांची पंचाईत झाली. सगळ्यात जास्त ब्रॅबम संघाची. त्यांचं अल्फा रोमिओ इंजिन इतकं रुंद होतं की खाली हवेचे बोगदे काढायला जागाच नव्हती. त्यांचे डिझायनर गॉर्डन मरे, मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. त्यांनी पुन्हा नियम वाचायला घेतला. न वाचता डोकं खाजवत बसणारे खूप असतात, वाचणारे कमी.

नियमाचा अर्थ त्या काळी असा लावला जात होता की ज्या भागाचा मुख्य उद्देश हवेचा दाब निर्माण करणं हा आहे, तो हलता असू नये. मरेंचं बोट ‘मुख्य उद्देश’ या शब्दांवर थांबलं. त्यांनी गाडीच्या मागे एक भलामोठा पंखा बसवला. रेडिएटर इंजिनच्या वर आडवा ठेवला आणि पंखा त्यातून हवा ओढायला लागला. जाता जाता तोच पंखा गाडीच्या खालची हवाही उपसत होता. मरे म्हणाले, पंख्याची निम्म्याहून जास्त हवा इंजिन थंड करायला जाते, म्हणजे मुख्य उद्देश थंड करणं. दाब मिळतो तो बोनस.

१७ जून १९७८, स्वीडनमधला अँडरस्टॉर्प ट्रॅक. उभी असताना पंख्यावर चक्क कचऱ्याच्या डब्याचं झाकण ठेवलेलं असायचं. इंजिनचा आवाज वाढवला की गाडी जागच्या जागी खाली बसायची. निकी लाउडा तिसऱ्या क्रमांकावरून सुटले आणि जवळपास ३४ सेकंदांच्या फरकाने जिंकले. नाद खुळा!

बाकीचे संघ पेटले. पंखा मागच्यांच्या तोंडावर दगडमाती फेकतो, अशीही तक्रार झाली. अमेरिकेत १९७० मध्ये अशाच तत्त्वावरची चॅपरलची पंखेवाली गाडी बंद झाली होतीच. पण इथे खरी गोष्ट वेगळी आहे. ब्रॅबमचे मालक होते बर्नी एक्लस्टन. तेच संघांच्या संघटनेचेही, फोकाचेही, म्होरके. एका गाडीसाठी संघटना फुटली तर त्यांचं मोठं नुकसान होतं. त्यांनी गाडी स्वतःच मागे घेतली. नंतर पंखे बंद झाले, पण स्वीडनचा विजय काढून घेतला नाही. तो आजही नोंदीत आहे. एक शर्यत, एक विजय, गाडी गोदामात.

बघा, हा निकाल नुसत्या नियमाच्या शब्दाने लागलेला नाही. ‘मुख्य उद्देश’ म्हणजे काय यावर शेवटपर्यंत वाद घालता आला असता. निकाल लागला तो कोणाला काय परवडतं यावर.

१९८१: एक नियम, दोन पळवाटा

आता मूळ गोष्ट. ग्राउंड इफेक्टमुळे वळणावरचे वेग भयंकर वाढले. स्कर्ट मधेच अडकला की दाब एकदम नाहीसा आणि गाडी थेट बाहेर. म्हणून १९८१ साठी नियामक संस्था फिसाने सरकते स्कर्ट बंद केले आणि सांगितलं, गाडीचा तळ जमिनीपासून किमान ६० मिलिमीटर वर पाहिजे. साठ मिलिमीटर म्हणजे साधारण तीन-चार बोटं. तळ वर गेला की ओढ कमी, वेग कमी. हेतू स्वच्छ होता.

मरेंनी एक साधा प्रश्न विचारला: हे साठ मिलिमीटर मोजणार कधी? ताशी अडीचशे किलोमीटरने धावणाऱ्या गाडीखाली कोण पट्टी घालणार? मोजणार ते गाडी उभी असतानाच.

आपल्याकडे पावसाळ्यात हे रोज चालतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ फूट झालं की धोका. सगळी यंत्रणा त्या एका पट्टीवर हलते. पट्टी कुठे आणि कधी वाचायची हे ठरलेलं आहे, म्हणून त्या आकड्याला अर्थ आहे. मरेंनी फिसाची पट्टी कुठे आहे ते शोधून काढलं. ती पिट लेनमध्ये होती.

त्यांनी ब्रॅबम बीटी४९सी ला हवा आणि तेलावर चालणारं मऊ सस्पेन्शन बसवलं. गाडी वेगात गेली की हवेचाच दाब तिला खाली ढकलायचा आणि ती जमिनीलगत जाऊन तिथेच थांबायची. शर्यत संपवून ड्रायव्हर सावकाश परत आला की ती हळूहळू वर यायची. पट्टी लावा, साठ मिलिमीटर बरोबर! कोणतंही बटण नाही, काही नाही. हवेने दाबलं, हवेने सोडलं.

इकडे चॅपमन यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या लोटस ८८ ला एकात एक अशा दोन चासी होत्या. आतल्या चासीत ड्रायव्हर आणि इंजिन, तिला मऊ स्प्रिंग. बाहेरच्या चासीवर सगळी बॉडी. हवेचा दाब बाहेरच्या चासीवर यायचा, ती खाली बसून तो थेट चाकांवर द्यायची आणि ड्रायव्हरच्या हाडांना धक्के बसायचे नाहीत. विरोधक म्हणाले, बाहेरचा भाग म्हणजे बॉडी आणि ती हलतेय. १९६९ चा नियम मोडला. चॅपमन म्हणाले, ती बॉडी नाही, ती दुसरी चासी आहे. गाडीला एकच चासी पाहिजे असं नियमात कुठे लिहिलंय? खरंच लिहिलं नव्हतं.

मार्चमध्ये लाँग बीचला लोटस ८८ सरावात उतरली आणि शर्यतीआधी बाहेर काढली गेली. ब्राझीलमध्ये तेच. अर्जेंटिनात तेच. चॅपमन इतके वैतागले की तिथून निघून गेले आणि त्यांचा संघ त्यानंतरच्या इमोलाच्या शर्यतीला गेलाच नाही. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला ब्रिटिश तपासनिसांनी सुधारित गाडी पास केली. फिसाने वरून पुन्हा नापास केली. घाईघाईत गाड्या बदलाव्या लागल्या. त्या गडबडीत लोटसचा एक तरुण ड्रायव्हर घरच्या मैदानावर शर्यतीसाठी पात्रही ठरू शकला नाही. त्याचं नाव नायजेल मॅन्सेल. अकरा वर्षांनी तो जगज्जेता झाला.

आणि ज्या अर्जेंटिनातून चॅपमन निघून गेले, तिथेच १२ एप्रिलला काय झालं? ब्युनोस आयर्समध्ये नेल्सन पिके यांची ब्रॅबम आरामात जिंकली. दुसरे आले कार्लोस रॉयटेमान, विल्यम्स संघाचे, त्याच मातीतले, त्यांच्या घरच्या प्रेक्षकांसमोर. त्यांची गाडी वेगात असतानाही नियमाच्या हेतूप्रमाणे वर राहत होती, आणि समोरची ब्रॅबम जमिनीला चिकटून पळत होती.

तेव्हा विजयाला ९ गुण आणि दुसऱ्याला ६. वर्षाच्या शेवटी १७ ऑक्टोबरला लास वेगासमध्ये हिशेब लागला: पिके ५०, रॉयटेमान ४९. एक गुण, मंडळी! ब्युनोस आयर्सच्या तपासनिसांनी त्या दिवशी ब्रॅबमला बाद केलं असतं तर पिके ४१ आणि रॉयटेमान ५२. रॉयटेमान कधीच जगज्जेते झाले नाहीत. पुढे ते सांता फे प्रांताचे गव्हर्नर झाले. कायदा लिहिणं आणि कायदा लागू करणं यातलं अंतर त्या माणसाला कुणी वेगळं शिकवायची गरज नसणार.

मग फरक काय होता? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, मरेंची पळवाट मोजमापाच्या फटीतली होती. तपासणी केली की आकडा बरोबरच यायचा, त्यामुळे तपासनिसाच्या हातात काही उरायचंच नाही. चॅपमन यांची पळवाट शब्दाच्या अर्थातली होती. तिला कोणीतरी ‘हो’ म्हणायला लागणार होतं. ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’ हे ज्यांच्या हातात, त्यांना ते नको होतं.

दुसरी गोष्ट नकलेची. ब्रॅबमचं सस्पेन्शन बाकीच्यांना आपल्या गाडीवर बसवता येण्यासारखं होतं, आणि काही महिन्यांत बहुतेकांनी तसं काहीतरी बसवलंही. लोटस ८८ ची नक्कल करायची तर सगळी गाडी नव्याने बांधावी लागली असती. ज्याची नक्कल स्वस्तात होते, ते लोक सहन करतात. हे काय नियमपुस्तकात लिहिलेलं नसतं, पण निकाल त्यावरही लागतात.

याची किंमत ड्रायव्हरांनी दिली. जमिनीलगत गाडी ठेवायची म्हणून सस्पेन्शन दगडासारखं कडक झालं. मान आणि पाठ हादरून निघायची. १९८२ साठी साठ मिलिमीटरची अटच काढून टाकली, कारण ती पाळली जात नाही हे सगळ्यांना दिसत होतं. ते वर्ष वाईट गेलं. ८ मे १९८२ ला झोल्डरमध्ये जिल व्हिलनव्ह गेले, जूनमध्ये माँट्रियलला रिकार्दो पालेती. त्यांच्या अपघातांचं कारण थेट ग्राउंड इफेक्ट होतं असं मी म्हणणार नाही. पण वेगाला वेसण घालायची मागणी त्या वर्षी टाळता आली नाही आणि १९८३ पासून गाडीचा तळ सपाट ठेवायचं बंधन आलं. पट्टी लावून कधीही तपासता येईल असा नियम. डिसेंबर १९८२ मध्ये चॅपमन हृदयविकाराने वारले. लोटस ८८ शेवटपर्यंत एकही शर्यत धावली नाही.

जाता जाता एक आठवण. त्याच वर्षी, १ फेब्रुवारी १९८१ ला, मेलबर्नमध्ये ट्रेव्हर चॅपेलने न्यूझीलंडविरुद्ध शेवटचा चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला होता. नियमात बसत होतं. सगळं क्रिकेटजग संतापलं, नियम बदलला, पण निकाल तोच राहिला. क्रिकेटमध्ये आपण त्याला लाजिरवाणं म्हणतो. फॉर्म्युला वनमध्ये तसल्याच माणसाला अलौकिक बुद्धीचा म्हणतात. का, ते तुम्ही सांगा.

२००९: भोक म्हणजे काय?

आता एकदम पुढे. २००९ साठी एफआयएने ओव्हरटेकिंग वाढावं म्हणून डाउनफोर्स जवळपास निम्म्यावर आणायचं ठरवलं. डिफ्युझरची उंची १७५ मिलिमीटर, सुरुवात मागच्या चाकांच्या आसाच्या रेषेपासून, आणि खालून बघितलं तर तळाला भोक दिसता कामा नये.

तळाचे दोन थर असतात, मधला थोडा खाली आणि बाजूचे थोडे वर. या दोन थरांच्या मधल्या उभ्या पायरीत फट ठेवली तर? काही इंजिनिअर म्हणाले, भोक एका पृष्ठभागात असतं. दोन वेगळ्या पृष्ठभागांच्या मधल्या मोकळ्या जागेला भोक म्हणत नाहीत. त्या फटीतून हवा वर गेली आणि पहिल्या डिफ्युझरच्या डोक्यावर दुसरा डिफ्युझर तयार झाला. डबल डिफ्युझर. विषय हार्ड!

ही युक्ती तीन संघांनी वापरली: टोयोटा, विल्यम्स आणि ब्रॉन. यातली ब्रॉनची कथा ऐका. डिसेंबर २००८ मध्ये जगभर मंदी आली आणि होंडाने संघ बंद करायचं जाहीर केलं. शेकडो लोकांच्या नोकऱ्या टांगणीला. संघाचे प्रमुख रॉस ब्रॉन यांनी तो एका पौंडाला विकत घेतला, मर्सिडीजचं इंजिन घेतलं आणि जवळजवळ कोऱ्या पांढऱ्या गाड्या घेऊन मार्चमध्ये मेलबर्नला पोचले. पहिल्याच शर्यतीत पहिला आणि दुसरा क्रमांक.

फेरारी, रेनॉ, रेड बुल यांनी तक्रार केली. तपासनिसांनी फेटाळली. प्रकरण पॅरिसला एफआयएच्या अपील कोर्टात गेलं. १५ एप्रिल २००९ ला निकाल आला: डबल डिफ्युझर नियमात बसतो. जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि ऑक्टोबरमध्ये तो जगज्जेता झाला.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो आधीचा एक प्रसंग. ब्रॉन यांनी नंतर सांगितलं की २००८ मध्येच संघांच्या तांत्रिक बैठकीत त्यांनी इशारा दिला होता: नव्या नियमांत तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बराच जास्त दाब मिळतोय, नियम पुन्हा लिहायचे असतील तर बोलूया. बाकीच्यांनी नको म्हटलं. म्हणजे फट कुठे आहे हे नाही, पण फट आहे हे त्यांनी सांगितलं होतं. मग एप्रिलमध्ये कोर्टात जाऊन ‘हेतूचा भंग झाला’ म्हणण्याचा अधिकार किती उरतो?

२०११ पासून डबल डिफ्युझर बंद झाला. पण तोवर ज्यांच्या नोकऱ्या वाचायच्या होत्या त्या वाचल्या होत्या. ब्रॉनचा संघ मर्सिडीजने विकत घेतला, आणि पुढच्या दशकात लागोपाठ आठ वर्षं संघांचं अजिंक्यपद जिंकणारा मर्सिडीज तो हाच.

गुडघा, धूर आणि वाकणारा पंख

एकदा ही नजर आली की पुढच्या कथा पटापट कळतात.

२०१० मध्ये मॅक्लारेनच्या कॉकपिटमध्ये एक छोटं भोक होतं. सरळ रस्त्यावर ड्रायव्हर ते गुडघ्याने झाकायचा, हवेची दिशा बदलायची, मागच्या पंखाचा अडथळा कमी व्हायचा आणि गाडी वेग घ्यायची. हलणारा भाग चालत नाही म्हणता? पंख हललाच नाही. हलला तो ड्रायव्हरचा गुडघा, आणि ड्रायव्हर हा गाडीचा भाग नाही!

२०११ मध्ये रेड बुल आणि इतरांनी इंजिनचा धूर डिफ्युझरवर सोडला, तोही ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरसुद्धा. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला यावर निर्बंध आले आणि लगेच पुढच्या शर्यतीपासून मागेही घेतले गेले. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडात भारताची पहिली ग्रां प्री झाली, तेव्हा आपल्या लोकांनी याच गाड्या पाहिल्या.

आणि २०२५ बघा. नियम म्हणतो पंख ताठ पाहिजे. पण जगात पूर्ण ताठ काहीच नसतं. म्हणून तपासणी अशी होती की पुढच्या पंखावर साधारण शंभर किलोचा भार टाका, तो १५ मिलिमीटरपर्यंत वाकला तर चालेल. जूनमधल्या स्पेनच्या शर्यतीपासून ही मर्यादा १० मिलिमीटर केली. संघ काय करतात? कार्बन फायबरचे थर असे रचतात की तपासणीच्या भाराला पंख ताठ राहावा आणि शर्यतीच्या भाराला हवा तसा वाकावा. पुन्हा तेच, मरेंचा प्रश्न: मोजणार कधी आणि कसं?

गंमत म्हणजे २०२६ च्या नियमांत पुढचे आणि मागचे पंख ड्रायव्हरने हलवायचेच आहेत. १९६९ मध्ये जे बंद केलं, ते नियमानेच परत आणलं.

मग लबाडी कशाला म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, मग यात आणि फसवणुकीत फरक काय? माझं उत्तर: तपासणारा गाडी उघडून बघतो, तेव्हा तुम्ही ती त्याला दाखवू शकता का?

१९९५ मध्ये जागतिक रॅलीत टोयोटाच्या गाड्यांमध्ये एक भाग सापडला. टर्बोत किती हवा जावी यावर बंधन घालणारं एक कडं असतं. टोयोटाने ते असं बनवलं होतं की गाडीवर बसवलं की ते सरकून जास्त हवा आत सोडायचं, आणि तपासणीसाठी सोडवायला गेलं की आपोआप जागेवर यायचं. टोयोटाचे गुण गेले आणि त्यांच्यावर बारा महिन्यांची बंदी आली. तिथे शब्दाचा अर्थ लावायचा प्रश्नच नव्हता. नियम काय म्हणतो हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि लपवण्यासाठीच तो भाग बनवला होता.

ब्रॅबमचं सस्पेन्शन या दोघांच्या मधे कुठेतरी येतं, हे मी मान्य करतो. उघडून दाखवता येतं, पण हेतू तर तपासणी चुकवायचाच. म्हणून मला पिकेंचं अजिंक्यपद थोडं टोचतं आणि बटनचं टोचत नाही. बटनचा डिफ्युझर उभ्या गाडीवरही तोच होता आणि पळत्या गाडीवरही तोच.

सगळ्यांना एकसारखी गाडी दिली की हा गोंधळ मिटतो, असाही एक उपाय आहे. आपल्या कोल्हापुरात मोहितेंच्या गो-कार्टिंग ट्रॅकवर पोरं शिकतात तिथून वर गेलं की हेच दिसतं. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक इंग्लंडमध्ये ब्रिटिश एफ३ मालिकेत धावला. तिथे सगळ्यांना एकाच कंपनीची चासी आणि एकाच प्रकारचं इंजिन. तिथे प्रश्न इतकाच की चालवतं कोण चांगलं. ते न्याय्य आहे. पण तिथे गॉर्डन मरे जन्माला येणार नाही हेही खरं.

फॉर्म्युला वनला दोन्ही पाहिजे, ड्रायव्हरची शर्यत आणि वाचणाऱ्यांची शर्यत. म्हणून माझं मत असं की पळवाट शोधणाऱ्याला दोष देऊ नये, पण नियम लिहिणाऱ्याने लिहितानाच सांगावं की तो मोजणार कसा. जे मोजता येत नाही ते कागदावर कितीही सुंदर लिहा, पहिल्याच शर्यतीत त्याची चिंधी होते. आणि ज्याला तो नियम प्रामाणिकपणे पाळायचा असतो, त्याचा रॉयटेमान होतो.

आता तुमची पाळी. १२ एप्रिल १९८१ ला ब्युनोस आयर्समध्ये तुम्ही तपासनीस आहात. ब्रॅबम समोर उभी आहे. पट्टी लावली, साठ मिलिमीटर बरोबर भरले. पण ती गाडी जमिनीला घासत पळताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. काय निकाल द्याल? व्हॉइस मेसेज पाठवा, दोन मिनिटांच्या आत. निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवतो.

तोपर्यंत, वाडीहून नमस्कार.